पेव्हर ब्लॉकवरून हळू जाताना गाडीच्या पुढून खटखट आवाज येतो. शॉकअप बदलू का?

तुमची गाडी सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, 58,000 किमी झालेली. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवरून आणि गल्लीतल्या खड्ड्यांतून 10-20च्या वेगाने जाताना पुढे डावीकडे खट्‌खट वाजतं, 40च्या वर गेलात की काही ऐकू येत नाही, आणि वर्कशॉपने पुढचे दोन्ही शॉकअप बदलायचं एस्टिमेट दिलंय. बदलू का, असं तुम्ही विचारलंय.

लगेच नको. आधी अर्धा तास काढून आवाज नक्की कधी येतो ते बघा. साताऱ्यात 2006पासून माझं छोटं गॅरेज आहे. पेव्हर ब्लॉकवर वाजणारी आणि हायवेला गप्प असणारी गाडी आली की मी शॉकअपच्या आधी लिंक रॉडला हात लावतो. काही मिस्त्री तिला जंपिंग रॉड म्हणतात. वीत-दीड वीत लांबीची दांडी, दोन्ही टोकांना सुपारीएवढा बॉल आणि त्यावर रबराची टोपी. ती टोपी फाटली की पावसाळ्यात पाणी आणि माती आत जाते, ग्रीस धुऊन जातं आणि बॉल आपल्या वाटीत सैल होतो. मग चाक जरा वरखाली झालं तरी खट्. लिंक रॉडची जोडी काही शे ते हजार-दोन हजारांत येते, शॉकअपची जोडी कित्येक हजारांची. म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे.

यातला फरक तुम्ही स्वतः ओळखू शकता. पुढची दोन्ही चाकं एका आडव्या स्टॅबिलायझर बारने जोडलेली असतात आणि तो बार लिंक रॉडच्या मार्फत काम करतो. स्पीडब्रेकरवर गाडी अगदी सरळ चढवली तर दोन्ही चाकं बरोबरीने वर येतात, बारला पीळ बसत नाही, आणि बहुतेक वेळा लिंक रॉड गप्प राहते. तोच स्पीडब्रेकर तिरका घेतला किंवा एकच चाक खड्ड्यात घातलं की बार पिळला जातो आणि ती वाजते. तेव्हा रिकाम्या रस्त्यावर, काचा खाली करून, एकच स्पीडब्रेकर 10च्या वेगाने एकदा सरळ आणि एकदा तिरका घ्या. फक्त तिरक्यात वाजलं तर लिंक रॉड किंवा बारचे बुश, म्हणजे बार धरून ठेवणारे रबर. सरळ घेतानाही दाणकन वाजलं तर लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांडीचे) बुश, शॉकअपचं वरचं माउंटिंग किंवा खुद्द शॉकअप.

शॉकअप गेला असेल तर तो आवाजाशिवायही काहीतरी सांगतो. त्याच्या नळीवर तेल ओघळून धूळ चिकटलेली दिसते, आणि बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडला की गाडी एका झोक्यात थांबत नाही, हेलकावत राहते. यातलं काहीच नसेल तर शॉकअप कशाच्या आधारावर बदलायचे, हे वर्कशॉपला जरूर विचारा. हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण 2009 साली मी स्वतः ही चूक केली होती. एका शिक्षकांच्या गाडीचे दोन्ही शॉकअप नुसत्या अंदाजाने बदलले, आणि संध्याकाळी ते परत आले तेव्हा तोच आवाज तसाच होता. उजवी लिंक रॉड हातात धरली तर दाणा हलावा तशी हलत होती. त्यांचे मजुरीचे पैसे परत केले, पण पार्टचे पैसे त्यांचे गेले ते गेलेच. तेव्हापासून हाताला प्ले, म्हणजे सैलपणा, लागल्याशिवाय मी पार्ट मागवत नाही.

40च्या वर आवाज थांबतो म्हणजे दोष नाहीसा होतो असं समजू नका. टायर, वारा आणि इंजिनचा आवाज त्याला झाकून टाकतो, एवढंच. उलट कमी वेगातला आवाज शोधायला सगळ्यात सोपा, कारण माणूस गाडीबरोबर चालू शकतो. तुम्ही पाच-सातच्या वेगाने गाडी चालवा आणि घरातल्या कुणाला तरी चाकापासून हातभर लांब राहून बाजूने चालायला सांगा. आत बसून डावीकडे वाटणारा आवाज बाहेरून उजवीकडचा निघतो, हे मी अनेकदा पाहिलंय. पत्र्यातून आवाज फिरतो. सोबतीला कुणी नसेल तर कंपाउंडच्या भिंतीलगत काच खाली करून हळू जा, मग उलट दिशेने या. भिंत त्या बाजूचा आवाज परत कानावर टाकते.

आता ब्रेकची चाचणी. पेव्हर ब्लॉकवर खटखट चालू असताना ब्रेकवर पाय नुसता टेकवा, गाडी थांबेल इतका दाबू नका. तेवढ्याने आवाज बंद झाला तर सस्पेन्शन सोडा आणि ब्रेककडे या. पॅड किंवा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना सैल असतील तर त्या हलतात, आणि ब्रेक टेकला की जाग्यावर दाबल्या जातात. ब्रेक पॅड 3 मिमीच्या खाली आले असतील तर ते बदलायचेच, आवाज असो वा नसो.

आवाज खड्ड्यांशिवाय, गुळगुळीत रस्त्यावरही ठेक्यात येत असेल तर तो मोजा. तुमच्यासारख्या गाडीच्या टायरचा परीघ जेमतेम दोन मीटर असतो, म्हणजे 20च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे तीन फेऱ्या मारतं. दहा सेकंदांत 28-30 ठोके मोजलेत तर ते चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूचे आहेत: टायरच्या खाचेत अडकलेला खडा, चाकाचा सैल नट, डिस्कला घासणारा पत्रा. अलीकडे पंक्चर काढलं असेल किंवा टायर फिरवून घेतले असतील तर आधी पान्याने चाकाचे नट तपासा. चाक परत बसवल्यावर 50 ते 100 किमी चालवून नट पुन्हा एकदा घट्ट करायचे असतात, आणि हे फार कमी लोक करतात.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवताना कट-कट-कट येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट. चाक वळवून मागे वाकून बघा: रबरी बूट फाटलेला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फटकारे दिसतात. बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज सुरू झाला नसेल तर नवं बूट आणि ग्रीस यावर भागतं. कट-कट सुरू झाली की जॉइंटच बदलावा लागतो. तुम्ही वळणाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून हे तुमचं असेल असं मला वाटत नाही, तरी बूट बघून ठेवा.

काही आवाजांना घाबरायचं कारण नसतं. गाडी सुरू करून पहिल्यांदा निघालात की 10-20च्या वेगाला अनेक गाड्यांत एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) स्वतःची तपासणी करतं, तेव्हा घर्र किंवा टक असा एकदाच आवाज येतो. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो आणि सकाळी पहिले चार-पाच ब्रेक खरखरतात. डिकीतला जॅक आणि पाना सैल असला तरी पेव्हर ब्लॉकवर अगदी सस्पेन्शनसारखा वाजतो. आजच तो बाहेर काढून एक फेरी मारा.

वर्कशॉपला जाताना “पुढून आवाज येतो” एवढंच सांगू नका. फिटरला शेजारी बसवा, आवाज येतो त्याच रस्त्यावर न्या, आणि मग स्टिअरिंग त्याच्या हातात द्या. गाडी लिफ्टवर गेली की तुम्हीही खाली उभे राहा आणि प्ले दाखवायला सांगा. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना लिंक रॉड ताणलेली असते आणि कधीकधी हलत नाही. म्हणून चाकं जमिनीवर असताना एकाने गाडी हलवायची आणि दुसऱ्याने रॉडच्या टोकावर बोटं ठेवायची. आतला धक्का बोटाला लगेच कळतो. तरीही शंका राहिली तर मी दोन्हीकडच्या लिंक रॉड सोडवून, टोकं नीट बांधून, गल्लीतच एक हळू फेरी मारतो. आवाज गेला की प्रश्न मिटला. हे गॅरेजमध्येच करायचं, आणि असं मोठ्या रस्त्यावर जायचं नाही, वळणावर गाडी जास्त झुकते. घरी तपासताना नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर कधीच जाऊ नका.

लिंक रॉड वाजत असेल तर पगाराच्या तारखेपर्यंत थांबलात तरी चालेल. पण लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचं तसं नाही. पुढचं चाक उचलून वरून आणि खालून धरून हलवल्यावर खाली खट् लागलं, ब्रेक मारताना एकदाच दणका बसला किंवा गाडी एका बाजूला ओढायला लागली, तर तो जॉइंट सुटू शकतो, आणि सुटला की चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडतं. असं काही दिसलं तर गाडी तिथेच उभी करा आणि मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर टो करून न्या. एक किलोमीटरसुद्धा चालवत नेऊ नका.