मोठ्या ऑपरेशननंतर मुलाच्या उशाशी: पालकांचे प्रश्न

प्रश्न: सहा वर्षांच्या मुलीच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. कालपासून ती नुसती गप्प पडून आहे. सिस्टरनी विचारलं की "नाही दुखत" म्हणते. मग वेदनेची जोरदार औषधं कशाला द्यायची? त्यांचं व्यसन लागेल अशी धास्तीही वाटते.

रडणाऱ्या मुलापेक्षा गप्प पडलेल्या मुलाकडे मी आधी जातो. पोटावर टाके असले की हललं तरी कळ येते, म्हणून मूल हलतच नाही. "नाही" म्हणण्यामागेही बहुतेक वेळा साधा हिशेब असतो: हो म्हटलं तर सुई टोचतील. औषध सलाइनच्या नळीतूनच जाणार का, हे सिस्टरला विचारून घ्या आणि तसं असेल तर मुलीला स्पष्ट सांगा. उत्तर बदलतं की नाही बघा.

तीन-चार वर्षांपुढचं मूल हसऱ्या ते रडक्या चेहऱ्यांच्या तक्त्यावर बोट ठेवून किती दुखतंय ते सांगू शकतं. साधारण आठव्या वर्षापासून शून्य ते दहा हे आकडे चालतात. तीन वर्षांखालच्या बाळांचं दुखणं पाय पोटाशी ओढणं, कपाळावरच्या आठ्या, जवळ घेऊनही शांत न होणं यांवरून जोखावं लागतं. तुमची लेक एरवी गोष्ट ऐकायला लगेच कान टवकारते आणि आज तोंड फिरवते, एवढंही पुरेसं आहे. "ही अशी नसते" असं सिस्टरला सांगा. ही माहिती कुठल्याच मॉनिटरवर येत नाही.

एकेकाळी तान्ह्या बाळांना वेदना फारशा जाणवत नाहीत असं डॉक्टरच मानत आणि जुजबी भूल देऊन ऑपरेशनं करत. 1987 मध्ये डॉ. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं की ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक मिळालेल्या मुदतपूर्व बाळांच्या शरीरावर कमी ताण येतो आणि गुंतागुंतही कमी होते. तेव्हा वेदना सोसण्यात काही कमाई आहे, हा समज सोडलेला बरा. "धीट मुलगी ना तू?" हेही म्हणू नका. धीट ठरायचं म्हणून मुलं दुखणं लपवतात.

आता व्यसनाचं. ऑपरेशननंतर मोजके दिवस, वजनानुसार मोजून, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनसारख्या औषधाचं व्यसन लागण्याची शक्यता फारच कमी असते. लक्ष ठेवायचं ते दुसऱ्या गोष्टींवर: मळमळ, अंगाला खाज, संडास न होणं. मूल हलवूनही नीट जागं होत नसेल किंवा श्वास फार संथ वाटला, तर त्याच क्षणी हाक मारा.

काही वॉर्डांत मोठ्या मुलांच्या हाती पंपाचं बटण देतात. ते दाबलं की औषधाचा ठरावीक डोस जातो. हे बटण मुलानेच दाबायचं. गुंगी आली की त्याचा हात आपोआप थांबतो, हीच त्यातली सुरक्षितता आहे. झोपलेल्या लेकरासाठी आईने मायेपोटी बटण दाबलं की ती सुरक्षितता संपली.

घरी गेल्यावर मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. बारा वर्षांखालच्या मुलांना वेदनेसाठी कोडीन हे मॉर्फिनच्याच जातीचं औषध देऊ नये असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये बजावलं आहे. ॲस्पिरिनही मनाने द्यायची नाही. हृदयाच्या काही ऑपरेशनांनंतर डॉक्टर ती मुद्दाम लिहून देतात, ती गोष्ट वेगळी.

प्रश्न: भूल उतरताना माझा तीन वर्षांचा मुलगा किंचाळत होता, मला ओळखतही नव्हता. मेंदूला काही इजा?

नाही. दोन ते सात वर्षांच्या मुलांमध्ये हा गोंधळ बऱ्यापैकी दिसतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. मुलाला नंतर तो आठवतही नाही. त्या वेळी समजावत बसू नका. नळ्या ओढल्या जाणार नाहीत एवढं बघा आणि हळू आवाजात जवळ राहा. दुखण्यामुळेही मूल असंच तळमळतं, म्हणून सिस्टरना ते एकदा तपासू द्या.

प्रश्न: दहा वर्षांच्या मुलाच्या छातीचं ऑपरेशन झालंय. खोकायला सांगितलं की ओरडतो, पलंगावरून उतरायला तयारच नाही. आजी म्हणते, पडू दे, विश्रांती हवी.

आजींची माया समजते, पण सतत पडून राहिल्याने फुप्फुसांचे खालचे भाग नीट फुगत नाहीत, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. आतड्यांची हालचालही रेंगाळते. मात्र दुखत असताना खेचून उठवलं, तर दुसऱ्या दिवशी तो तुम्हाला बघूनच ओरडेल. आधी औषध, ते लागू पडल्यावर हालचाल. वेळ साधण्यासाठी फिजिओथेरपिस्ट कधी येणार ते सिस्टरना विचारून घ्या.

खोकताना छातीवर घट्ट उशी धरायला शिकवा, टाक्यांना आधार मिळतो. "दीर्घ श्वास घे" हे वाक्य मुलांना कंटाळवाणं वाटतं. साबणाचे फुगे किंवा कागदी भिरभिरं फुंकायला दिलं की तेच काम खेळात होतं. चालण्याचेही टप्पे पाडा: आज पलंगाच्या कडेला बसायचं, मग खुर्ची, मग दारापर्यंत. पुढचा टप्पा कधी, हे त्याला ठरवू द्या. टप्पा गाळायचा की नाही, हा पर्याय मात्र देऊ नका. छातीचं मधलं हाड कापलेलं असेल तर काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली-पाठीखाली, दुसरा कुल्ल्यांखाली असं उचला. हे पथ्य किती आठवडे पाळायचं ते सर्जनकडून डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.

प्रश्न: चार दिवस झाले, खातच नाही. भरवू का?

पोटाचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही. आतडी पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो. गॅस सुटला हे शुभवर्तमान समजा आणि सिस्टरना सांगा. परवानगी मिळाल्यावर थोडं थोडं, मूल मागेल तेव्हा. पोट फुगत चाललं किंवा हिरवी उलटी झाली तर डॉक्टरांना लगेच बोलवा. पहिल्या दोन दिवसांतला हलका ताप बऱ्याचदा ऑपरेशनचीच प्रतिक्रिया असते, तरी तो नोंदवायचाच. नंतर नव्याने चढलेला ताप, टाक्यांभोवती पसरणारी लाली, पू किंवा घाण वास हे थांबण्यासारखं नाही.

प्रश्न: चार वर्षांची लेक पुन्हा अंथरूण ओलं करते, अंगठा चोखते. काल विचारलं, "मी हट्ट केला म्हणून पोट कापलं?"

या वयात मुलं दुखण्याचा संबंध स्वतःच्या वागण्याशी जोडतात, शिक्षा म्हणून. तिने विचारलं हे उत्तमच झालं. पुष्कळ मुलं विचारत नाहीत आणि मनात ठेवतात. उत्तर लहान आणि खरं द्या: "तुझ्या पोटात एक भाग आजारी होता, डॉक्टरांनी तो नीट केला. तू काही केलं नव्हतंस." हे अनेकदा सांगावं लागेल. बाहुलीला पट्टी बांधायला दिली तर अर्धी भीती खेळातच बाहेर येते. अंथरुणाबद्दल रागावू नका. कॅथेटर (लघवीची नळी) नुकताच काढला असेल आणि लघवीला जळजळ होत असेल, तर तपासणी हवी. बाकीचं बहुतेक काही आठवड्यांत निवळतं. झोपेत दचकणं, कुणालाच जवळ येऊ न देणं महिनाभरानंतरही तसंच राहिलं, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न: बायको पाच दिवस धड झोपलेली नाही. उठ म्हटलं की म्हणते, आई म्हणून मी इथेच हवी.

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. आई-वडिलांना ठरावीक वेळीच आत सोडायचं, अशी रीत पूर्वी अनेक रुग्णालयांत होती. ब्रिटनच्या प्लॅट समितीने 1959 मध्ये ती मोडायला सांगितली, कारण ताटातुटीचा घाव मुलांवर राहतो. पण मुलाला ओळखीचं माणूस हवं असतं, आणि ते तुम्हीही आहात. रात्र तुम्ही घ्या, सकाळच्या राऊंडला त्या असू देत. पाळी बदलताना वहीत तीन ओळी लिहा: औषध कधी दिलं, लघवी-संडास, डॉक्टर काय म्हणाले. मूल झोपलंय म्हणून गुपचूप सटकू नका. जाग आल्यावर आई दिसली नाही की पुढच्या झोपेलाच ते घाबरतं. "जेवणाची गाडी आली की मी आलेच" असं सांगून निघा, आणि त्याच वेळी परत या.