औंध: आधी यमाई, मग रविवर्मा

प्रश्न: मास्तर, नमस्कार. यमाई ही सासूबाईंची कुलस्वामिनी, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सगळे औंधला निघालोय. मुलगा यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंगला बसलाय. त्याला संग्रहालयात काय दाखवू? आणि औंधचा तो बिनभिंतीचा तुरुंग त्याच दिवशी बघून होईल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: ताई, सासूबाई बरोबर आहेत म्हटल्यावर पहिला मान डोंगरावरच्या मूळपीठाचा. मांडी घालून बसलेली काळ्या पाषाणातली यमाई पौषातल्या यात्रेत गर्दीमुळे धड दिसत नाही, दिवाळीत निवांत दिसेल.

उतरताना डोंगराच्या मध्यावर श्री भवानी संग्रहालय लागतं. ते 1938 साली औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलं. राजा स्वतः चित्रं काढायचा, त्यामुळे गोळा केलेल्या मालाला नजर आहे. पण पोराला दालनामागून दालन फिरवून दमवू नका. रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’समोर उभं करा. आधी लांबून बघू दे, मग जवळ जाऊन वस्त्राची एखादी चुणी न्याहाळू दे. लांबून जे कापड वाटतं, ते जवळून नुसते रंगाचे फटकारे! परीक्षेत घोटून घोटून शेडिंग करणाऱ्या मुलांनी हे बघायलाच हवं. (चाळीस मुलांच्या वर्गात मला ते कधी नीट दाखवता आलं नाही.) मग जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकार हेन्री मूरची दगडातली ‘आई आणि मूल’. खटाव तालुक्यातल्या गावात हेन्री मूर, म्हणजे बघा! तिथं नाकडोळे शोधू नको म्हणावं, दगड कुठं फुगतो नि कुठं दबतो तेवढंच बघ.

तुरुंगाचं म्हणाल तर तो औंधात नाही. स्वतंत्रपूर आटपाडीजवळ, म्हणजे तुमच्याच सांगली जिल्ह्यात. औंध संस्थानचा मुलूख तुकड्यातुकड्यांत विखुरलेला होता, आटपाडी त्यातलीच. 1939 साली राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार प्रजेच्या हाती दिला, त्याच साली मॉरिस फ्रिडमन या गांधीवादी पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून ही कैद्यांची वसाहत निघाली. कैद्यांनी शेती करायची, बायकापोरांसह राहायचं. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा इथलीच. ती लिहिणारे गदिमाही औंधच्या शाळेतले. पण तो आजही चालू तुरुंग आहे, परवानगीशिवाय आत कोण सोडणार? औंधच्या फेरीत तो कोंबू नका.

त्यापेक्षा पलूसवरून या, म्हणजे किर्लोस्करवाडी लागेल. 1910 साली बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना याच राजानं ते माळरान दिलं होतं.

संग्रहालय सरकारी आहे, तेव्हा सुट्टीत उघडं असतं का ते निघायच्या आधी विचारा. आणि मोबाइलच्या नकाशात ‘औंध, जिल्हा सातारा’ असं पूर्ण टाका, नाहीतर तो तुम्हाला पुण्याच्या औंधात नेऊन ट्रॅफिकमध्ये उभं करील.