मायक्रोफोन स्पीकरकडे की छताकडे?

प्रश्न: खोलीतला आवाज मोजायला यूमिक-१ हा यूएसबी माइक घेतला. सीरियल नंबर टाकल्यावर कंपनीच्या साइटवरून दोन कॅलिब्रेशन फाइली (माइकच्या ऐकण्यातली चूक दुरुस्त करणाऱ्या) मिळाल्या. आरईडब्ल्यू या ध्वनी मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती लोड करू?

माइक कसा धरणार, त्यावर ते ठरतं. टोक सरळ स्पीकरकडे असेल तर शून्य अंशाची फाइल, छताकडे असेल तर ९० अंशांची. डावा-उजवा आणि सराउंड असे सगळे स्पीकर एकाच जागेवरून मोजायचे असतील तर छताकडे धरलेलं बरं, दरवेळी माइक फिरवावा लागत नाही. चुकीची फाइल लागली तर गडबड होते ती वरच्या सुरांत. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, तिला एवढासा माइक कुठे तोंड करून बसलाय याचं काय देणंघेणं! १० किलोहर्ट्झला तीच लांबी साडेतीन सेंटिमीटर होते, तिथे मात्र फरक पडतो.

फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघा. वर सीरियल नंबर आणि सेन्सिटिव्हिटी (किती आवाजाला माइक किती सिग्नल देतो), खाली फ्रिक्वेन्सी आणि डेसिबलचे रकाने. नंबर माइकवरच्या नंबराशी ताडून पाहा. एक आकडा चुकीचा टाकून दुसऱ्याच कुणाच्या माइकची फाइल मी महिनाभर वापरली आहे, म्हणून सांगतो.

प्रश्न: मोबाइल ॲप ६८ डेसिबल दाखवतं, आरईडब्ल्यू ७५. कॅलिब्रेशन चुकलं का?

कॅलिब्रेशन म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. माइक कोणता सूर कमी-जास्त ऐकतो, ते फाइल दुरुस्त करते. एकूण आवाज किती, हे ठरवणं निराळं. त्यासाठी माइकवर घट्ट बसणारा कॅलिब्रेटर लागतो. तो १००० हर्ट्झचा सूर ९४ डेसिबलला, म्हणजे एक पास्कल दाबाने वाजवतो. यूमिकच्या फाइलमध्ये सेन्सिटिव्हिटी दिलेली असल्याने आरईडब्ल्यू पातळीचा अंदाज स्वतःच बांधतं.

मोबाइल बोलणं टिपायला बनवलेला, खालचे सूर तो बऱ्याचदा कापतोच. त्याच्याशी तुलना नको. आणि खोलीचा आलेख अख्खा सात डेसिबल वर सरकला तरी त्याचा आकार तोच राहतो. ईक्यू (ठरावीक सूर कमी-जास्त करणं) करताना आपल्याला आकारच लागतो.

प्रश्न: माझ्याकडे एक्सएलआर (तीन पिनांच्या वायरचा) माइक आणि तो संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस आहे. आलेखात सपाट रेघ येते.

इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं फँटम पॉवर बटण (माइकला वीज देणारं) दाबलंय का? मग आरईडब्ल्यूत इनपुट चॅनल बरोबर निवडलाय का ते बघा. सिग्नल आला की इंटरफेसचं आउटपुट वायरने त्याच्याच इनपुटला जोडून साउंडकार्डचं कॅलिब्रेशन करून ठेवा. त्या वेळी फँटम बंद, ही गोष्ट विसरू नका. मॉडेलची सर्वसाधारण फाइल नेटवर मिळते. तुमच्याच नगासाठी मोजलेली फाइल नसेल तर टोकाच्या सुरांवर फार विसंबू नका.

प्रश्न: खोली १० बाय १२. सोफा मागच्या भिंतीला. ५० हर्ट्झच्या आसपास डोंगर दिसतो. विजेचा हम (गुणगुण) असेल का?

आधी पंखा आणि एसी बंद करा. स्पीकर गप्प ठेवून आरईडब्ल्यूतला आरटीए (त्या क्षणी ऐकू येणारे सूर दाखवणारा आलेख) चालू करा. तरीही ५०, १००, १५० ला काटे दिसले तर हम, अर्थिंगकडे बघा. काटे नसतील तर डोंगर खोलीचा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. खोलीत कोणते सूर घुमतात ते काढायला तो खोलीच्या लांबी-रुंदीच्या (मीटरमधल्या) दुपटीने भागा: १२ फुटांना सुमारे ४७ हर्ट्झ, १० फुटांना ५६. भिंतीजवळ हे सूर फुगतात, खोलीच्या बरोबर मध्यावर पार बसतात.

म्हणून ईक्यूला हात लावण्याआधी माइक कानाच्या उंचीवर स्टँडला लावा (उशीवर टेकवून नको), आणि भिंतीपासून फूट-फूट पुढे आणत २० ते २०० हर्ट्झचे चार स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर वाजवून मोजणं) घ्या. या पट्ट्यात स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणं) नको. ज्या जागी डोंगर सर्वांत बुटका दिसेल, तिथवर सोफा ओढता येतो का, ते घरात विचारून बघा.