रहीमचाचा तरुण कधी होते? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : परवा घरी सगळे मिळून 'शोले' बघत होतो. रहीमचाचा झालेले ए. के. हंगल दिसले तशी मुलगी म्हणाली, बाबा हे आजोबा कुठल्याच पिक्चरमध्ये तरुण का नसतात? मला काही सांगता आलं नाही. तरुणपणी ते करत काय होते?

उत्तर : मुलीचं निरीक्षण एकदम बरोबर आहे. ते तरुण होते तेव्हा कॅमेऱ्यासमोर नव्हतेच. लहानपण पेशावरात गेलं, नाटकाचा नाद तिथलाच, आणि पोटापाण्याला शिंपीकाम शिकलेले. पुढे कराचीत कम्युनिस्ट चळवळीत पडले आणि फाळणीच्या त्या धामधुमीत जवळपास तीन वर्षं तुरुंगात काढली. सुटल्यावर १९४९मध्ये मुंबईत आले ते सगळं मागे ठेवूनच. इथेही परत कपडे बेतायचे आणि बाकीचा वेळ इप्टाची (डाव्या विचारांच्या कलावंतांची नाट्यसंस्था) नाटकं, बलराज साहनी, कैफी आझमी ही सगळी मंडळी बरोबर. सिनेमा आला १९६६ला, 'तीसरी कसम', तेव्हा हे पन्नाशीच्या घरात. म्हणजे हिंदी सिनेमाने त्यांना बघितलं तेच म्हातारपणाच्या दारात.

मग १९७१ ते ७३ या दोन-तीन वर्षांतच 'गुड्डी', 'बावर्ची', 'अभिमान', 'नमक हराम' असे सिनेमे लागोपाठ आले आणि शिक्का बसला तो कायमचा. बाप, काका, मास्तर, जुना नोकर. सज्जन, गरीब, हात जोडून उभा. मला ही गोष्ट फार लागते, कारण राजकारणापायी तुरुंगात जाऊन आलेला माणूस हा, आणि पडद्यावर त्याला सतत कुणाच्यातरी दयेवर ठेवलं. 'नमक हराम'मध्ये मात्र युनियनचा म्हातारा पुढारी त्यांच्या वाट्याला आला आणि तो रोल बघताना मला दरवेळी वाटतं की हा माणूस पाठ केलेलं बोलत नाहीये, स्वतःचं काहीतरी आठवून बोलतोय. १९८२च्या 'शौकीन'मध्ये अशोककुमार आणि उत्पल दत्तबरोबर ते एकदम वेगळे दिसले, मुलीला थोडी मोठी झाली की दाखवा.

आणि 'शोले'चं म्हणाल तर लोक ते 'इतना सन्नाटा क्यों है भाई' वाक्य धरून बसतात, पण त्या सीनमध्ये आधी बघा, गावात सगळे गप्प आहेत, त्या आंधळ्या माणसाला मुलाचं प्रेत समोर आहे हे अजून माहीत नाहीये (मुलगा म्हणजे आपला सचिन), तो काठी टेकत टेकत येतो आणि आपल्याला सगळं माहीत असतं. रोल केवढासा आहे हो तो. 'दीवार'मध्येही तसंच, पावासाठी चोरी करणाऱ्या पोराचा मास्तर बाप, एकच सीन, आणि त्या एका सीनमुळे शशी कपूरचा इन्स्पेक्टर भावाची केस हातात घ्यायला तयार होतो. अख्खा पिक्चर तिथे वळतो.

प्रश्न : सव्वादोनशेच्या आसपास सिनेमे केलेल्या माणसाकडे २०११मध्ये औषधपाण्याला पैसे नव्हते अशी बातमी आली होती. हे कसं शक्य आहे? आमच्याकडे सगळे म्हणतात की या लोकांना पैसा टिकवता येत नाही.

उत्तर : पैसा टिकवायला आधी तो यावा लागतो. तुम्ही सव्वादोनशे सिनेमे मोजताय पण चरित्र अभिनेत्याला पैसे सिनेमाचे मिळत नाहीत, दिवसांचे मिळतात. एका पिक्चरमध्ये काम चार दिवसांचं, आठ दिवसांचं, तेही हिरोच्या डेट्स जुळल्या तर, नाही जुळल्या तर ते चार दिवस दोन वर्षांत विखुरतात आणि तोवर दाढी, केस, वजन तसंच सांभाळून ठेवायचं. हिरोच्या नावावर डिस्ट्रिब्युटर पैसे लावतो, बापाचं काम करणाऱ्याच्या नावावर नाही, म्हणून पैसे कापायची वेळ आली की पहिली कात्री यांच्यावर. पीएफ नाही, पेन्शन नाही. 'शोले' आजवर किती वेळा दाखवला गेला असेल, त्यातल्या एकाही वेळेचा हिशेब रहीमचाचाच्या घरी जात नव्हता. कॉपीराइट कायद्यात रॉयल्टीची (म्हणजे कामाच्या पुढच्या वापरातल्या वाट्याची) दुरुस्ती लागू झाली २१ जून २०१२ला, हंगल गेले त्याच वर्षी २६ ऑगस्टला.

त्यात १९९३ साली त्यांनी जन्मगाव बघायला पाकिस्तानचा व्हिसा मागितला, पाकिस्तानच्याच वकिलातीच्या कार्यक्रमाला गेले आणि शिवसेनेने बहिष्कार घातला. साधारण दोन वर्षं काम बंद. रोजावर जगणाऱ्या माणसाला त्या वयात दोन वर्षं म्हणजे काय ते तुम्हीच बघा, मोठा स्टार असता तर जुन्या कमाईवर बसून काढली असती. त्यानंतरही ते उभे राहिले, २००१च्या 'लगान'मध्ये आहेत, २००६ला पद्मभूषण मिळालं. पण पद्मभूषणाबरोबर औषधाचे पैसे येत नाहीत. २०११ला बातमी फुटली तेव्हा मुलगाही सत्तरी ओलांडलेला होता, मग इंडस्ट्रीतल्या लोकांनी मदत केली, त्यांचं मोल आहेच. पण इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला मदत मागायची वेळच का यावी, मला राग येतो तो इथे. आणि तशा अवस्थेत २०१२मध्ये ते व्हीलचेअरवर बसून एका टीव्ही मालिकेत काम करून आले.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एकेचाळीस वर्षांचा आहे, नाटकात काम करतो आणि आता कॅमेऱ्यासमोर छोटे रोल करायचं म्हणतोय. घरचे म्हणतात उशीर झाला. हंगलांचं उदाहरण देऊ का?

उत्तर : द्या, पण पूर्ण द्या. उशीर झालेला नाही, बापाचे रोल तर आत्ता सुरू होतील. पण हंगलांच्या हातात शिंप्याची कात्री होती हेही सांगा. भावाची नोकरी असेल तर एवढ्यात सोडू नये, शिकवण्या, डबिंग, काहीही चालेल पण महिन्याचं काहीतरी हातात असू द्या, कारण मालिकेचं पेमेंट नव्वद दिवसांनी येतं आणि घरभाडं दर महिन्याला द्यावं लागतं. सिन्टाचं (सिनेमा-टीव्ही कलाकारांची संघटना) कार्ड करून घ्यायला सांगा. आणि काम कितीही छोटं असो, किती दिवस, किती तासांची शिफ्ट, पैसे कोणत्या तारखेला, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घेतल्याशिवाय मेकअपला बसू नये म्हणावं.