चार डझनी पेटीचं पेटंट

जामसंडे, देवगड

चि.,
अनेक आशीर्वाद.

फोटोवरून आंब्याचं वजन ओळखून तो कुठल्या पेटीत जाईल हे सांगणारं तुझं ॲप पाहिलं. छान जमलंय. पण "लगेच पेटंट घ्यायचंय" हे वाचून थबकले.

काल खळ्यात आमचा गडी फळं निवडत होता. फळ तळहातावर घ्यायचं, जरासं तोलायचं, की पेटीत जितके डझन मावतील त्याप्रमाणे चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी असे ढीग आपोआप वेगळे. काटा नाही की वही नाही. त्याच्या या कामापुढे "संगणकाद्वारे" एवढा शब्द जोडला तर तो शोध होतो का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली ॲलिस नावाच्या कंपनीच्या खटल्यात सांगितलं, नाही होत. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3(के) प्रमाणेही अल्गोरिदमला, व्यवसायपद्धतीला आणि निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाही. 2004 च्या अध्यादेशाने काही प्रोग्रामना यातून वाट काढून दिली होती, 2005 मध्ये संसदेने ती बुजवली. तरी सगळी मारामारी त्या "निव्वळ" शब्दावर, म्हणजे यंत्राशी जोडलेला प्रोग्राम निव्वळ उरतो का यावर, चालूच आहे.

ती कशी चालते ते मी केलंय म्हणून ठाऊक आहे. एका कंपनीत दर पेटंट अर्जामागे बक्षीस असे. आमची तारखा तपासायची साधीशी युक्ती वकिलाकडून परत आली ती "मेमरीशी जोडलेला प्रोसेसर" वगैरे लेवून. माझी मलाच ओळखू येईना. तरी सही केली, बक्षिसाचा मिक्सर घेतला. मिक्सर अजून चालतो, हे दुःख वेगळंच.

माझ्या मते सॉफ्टवेअरला 20 वर्षांची मुदतच मुळात जास्त आहे. ॲमेझॉनचं एका क्लिकवर खरेदीचं पेटंट अमेरिकेत 1999 ला मिळालं, ते 2017 पर्यंत टिकलं. एवढ्या काळात दुकानं बदलली, फोन बदलले. ही मुदत कमी करणं संसदेच्या हातात. तुझ्या हातात काय? अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि पेटंट मिळायच्या आधी त्याला विरोध कलम 25(1) खाली कोणीही करू शकतो. जुनं मॅन्युअल, तारखेसकट कॉलेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट, असले कागद ही युक्ती आधीच होती हे दाखवायला तिथे कामी येतात. तुमच्या पिढीने हे अर्ज वाचायला हवेत. कंटाळवाणे असतात, पण दावा क्रमांक 1, म्हणजे हक्क नेमका कशावर मागितलाय ते सांगणारं पहिलं कलम, वाचला तरी बरंच कळतं.

आता तुझं. कोडवर तुझा कॉपीराइट आहेच, त्यासाठी धावाधाव नको. पेटीची वर्गवारी सोडून दे, ती गड्याची. मात्र शेजारी नाणं किंवा पट्टी न ठेवता एकाच फोटोतून वजन काढायची रीत खरंच नवी असेल, तर गोष्ट वेगळी. मग अर्ज जाईपर्यंत ती कुठल्या प्रदर्शनात मांडू नकोस. नवी नसेल, तर तारीख घालून उघड छापून टाक, म्हणजे उद्या दुसरं कोणी तिच्यावर हक्क सांगणार नाही.

आढी लावली आहे, रविवारी ये. येताना दाव्याचा मसुदा आण, लॅपटॉप नको.

तुझी,
मावशी