सॅक्सोफोन आणि ऑर्गन अशी जोडी असलेला जॅझ अल्बम पहिल्यांदा ऐकायचा आहे. कोणता ऐकू? आणि बास वाजवणारा नसेल तर खालचे सूर कोण वाजवतं?

बहुतेक जण ऑर्गनवादक जिमी स्मिथचा 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक' सुचवतील. अल्बम झकासच आहे, पण त्यात गिटारही आहे. तुमचा दुसरा प्रश्न पाहता मी स्टॅन्ली टरेन्टाइनचा 'डिअरली बिलव्हेड' सांगेन. टेनर सॅक्सोफोनवर तो, ऑर्गनवर शर्ली स्कॉट आणि ड्रम्सवर रॉय ब्रूक्स. बस, तिघंच. त्यामुळे खाली जे काही घुमतं ते सगळं शर्लीचं.

ऑर्गन म्हटल्यावर आपल्याला संगीत नाटकातला आठवतो, पण तिथे पायांचं काम भाता मारायचं. जॅझमधला हॅमंड ऑर्गन विजेवर चालतो. आत मोटरवर फिरणाऱ्या दातेरी चकत्या असतात, त्यांतून सूर निघतो. पाय त्यामुळे मोकळे राहतात आणि त्यांच्यासाठी खाली २५ पट्ट्यांचा वेगळा कीबोर्डच असतो. वर हातांसाठी आणखी दोन. जॅझमध्ये साधारणपणे डावा हात बासची चाल चालवत ठेवतो, पाय तिला ठोका देतो आणि उजवा हात गाण्याला मोकळा. शिवाय लेस्ली स्पीकर: त्यात कर्णा खरोखरच गरागरा फिरतो, म्हणून सूर थरथरतो.

आता गंमत. ८ जून १९६१ रोजी न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला तो ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी, आणि शर्ली करारबद्ध होती प्रेस्टिज या दुसऱ्या कंपनीशी. म्हणून तिचं नाव छापलं 'लिटल मिस कॉट'! त्याच महिन्यात प्रेस्टिजसाठी तिच्या नावावर 'हिप सोल' झाला, त्यात टरेन्टाइन झाला 'स्टॅन टर्नर'. साठच्या दशकात ही दोघं नवरा-बायको होती. आडनावं कापून कोण फसणार होतं देव जाणे.

माझ्या मते 'डिअरली बिलव्हेड' हा दोघांचा अल्बम आहे, नाव एकाचं असलं तरी. टरेन्टाइनचा सूर भरदार, ब्लूजमध्ये मुरलेला. तो घाई करत नाही. त्याला तसं निवांत राहता येतं ते शर्लीमुळे. ती फिलाडेल्फियाची, म्हणजे ऑर्गनवाल्यांच्या गावची, पण ऑर्गनची भिंत उभी करून सॅक्सोफोनला दाबून टाकणं तिच्या स्वभावात नाही. सुरुवात 'वी अवर थीम' या संथ ब्लूजपासून करा. पहिल्यांदा सॅक्सोफोन ऐका, दुसऱ्यांदा फक्त तळ. मग 'ट्रबल्स ऑफ द वर्ल्ड' ऐका. मूळ भजनच आहे ते, कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं, आणि तिथे ऑर्गन आपल्या घरी आल्यासारखा वाटतो. 'बाइया' मात्र मला थोडं लांबलेलं वाटतं, ते नंतर ऐकलंत तरी चालेल.

हे कानात बसलं की 'हिप सोल' लावा. त्यात हर्बी लुईस बासवर आहे. तेच दोघं, तोच ड्रमर, पण तळ दुसऱ्याच्या हाती गेल्यावर काय बदलतं ते लगेच कळेल. दोन्ही अल्बम हेडफोनवरच ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नेमके तेच सूर गायब होतात ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारलंय.