आउटफिल्डर म्हणजे नुसता लांब उभा राहणारा माणूस का? रॉबेर्तो क्लेमेंतेचं करिअर सांगतो

तुम्ही विचारलंय की बेसबॉलमधले आउटफिल्डर तर नुसते लांब उभे असतात, कितीतरी वेळ त्यांच्याकडे बॉलच जात नाही, मग त्यांचं एवढं नाव का होतं आणि अशा खेळाडूचं करिअर असतं तरी कसं. मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षं पिट्सबर्गला आहे. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मलाही हेच वाटायचं की पिचर (बॉल टाकणारा) आणि बॅटर सोडले तर बाकीचे काय करतात? मग शेजारच्या एका आजोबांनी मला इथल्या पायरेट्स टीमचा जुना राइट फिल्डर रॉबेर्तो क्लेमेंते समजावून सांगितला, आणि तेव्हापासून मी मॅच बघायला गेलो की आधी राइट फिल्डरकडे बघतो.

आधी कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लांब उभे असलेले तिघं, लेफ्ट, सेंटर आणि राइट. बॅटरने बॉल मारला की तो रनर होतो, तीन बेस म्हणजे थांबे ओलांडून परत सुरुवातीला पोचला की रन. आता समजा पहिल्या बेसवर रनर आहे आणि बॅटरने राइट फिल्डरच्या पुढ्यात बॉल मारला. रनर दुसऱ्या बेसवर पोचणारच, त्यात प्रश्न नाही. प्रश्न एवढाच की तिथे थांबायचं की तसंच तिसऱ्यावर सुटायचं. आणि तिसरा बेस राइट फिल्डरपासून पार पलीकडच्या टोकाला असतो, म्हणजे डीप मिडविकेटवरून थेट स्टंपात थ्रो करायचा तसं, फक्त अंतर अजून जास्त. हात कच्चा असेल तर रनर मागे न बघता पळतो, हात पक्का असेल तर दुसऱ्या बेसवर गपचूप थांबतो. अजून एक, क्रिकेटमध्ये कॅच घेतला की विषय संपला, बॉल डेड. इथे तसं नाही, कॅच झाल्यावर रनर आपल्या बेसला पाय लावून पुढे पळू शकतो, त्यामुळे आउटफिल्डरला कॅच घेता घेताच थ्रोची तयारी करायला लागते. क्लेमेंतेने आउटफिल्डमधून थ्रो करून २६६ वेळा रनर बाद करायला मदत केली, १९६१ च्या एकाच सीझनमध्ये २७ वेळा. पण त्याचा थ्रो माहीत असल्यामुळे जे पळालेच नाहीत त्यांची नोंद कुठल्याच रकान्यात नाही, आणि माझ्या मते खरी किंमत तिथे आहे.

आता माणूस. जन्म १८ ऑगस्ट १९३४, प्वेर्तो रिको बेटावरचं कारोलिना गाव, सात भावंडांत सगळ्यात धाकटा, वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. शाळेत असताना भालाफेक करायचा आणि तो खांदा तिथेच तयार झाला असं म्हणतात. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या टीमने त्याला १०,००० डॉलर बोनस देऊन घेतलं आणि पाठवलं खालच्या लेव्हलच्या माँट्रियलच्या टीममध्ये. आणि तिथे त्याला जवळजवळ बसवूनच ठेवला. तेव्हाचा नियम असा होता की ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेला खेळाडू मुख्य टीममध्ये ठेवला नाही तर सीझन संपल्यावर दुसरी टीम त्याला उचलू शकते, त्यामुळे हा पोरगा कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून त्याला फार खेळवत नव्हते असं पुष्कळ जण मानतात. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, इंग्रजी धड येत नाही, घरापासून कुठच्या कुठे, आणि आपल्याला का खेळवत नाहीत हे कोणी सांगत नाही. पण पायरेट्सच्या स्काउटने, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या माणसाने, प्रॅक्टिसमध्ये त्याचा थ्रो बघितला. नोव्हेंबर १९५४ मध्ये पिट्सबर्गने फक्त ४,००० डॉलर भरून त्याला उचललं. त्या वेळी पायरेट्स म्हणजे तळाची टीम, म्हणून तर पहिली निवड त्यांच्या वाट्याला आली.

त्याच डिसेंबरमध्ये प्वेर्तो रिकोत त्याच्या गाडीला दारू प्यायलेल्या माणसाने धडक दिली आणि मानेला-पाठीला दुखापत झाली ती आयुष्यभर राहिली. बॅटिंगला आला की तो मान इकडून तिकडे फिरवायचा, ते बघून लोक हसायचे. दुखतंय म्हणाला की पेपरवाले लिहायचे हा सारखा आजारपणाची कारणं सांगतो. आणि त्याचं बोलणं पेपरात छापताना मुद्दाम मोडकंतोडकं इंग्रजी, उच्चारासकट छापायचे. मला हे वाचताना राग येतो, कारण तोच माणूस त्या हंगामात १४० च्या वर मॅच खेळलेला असायचा.

त्यात काळा आणि वर स्पॅनिश बोलणारा, म्हणजे दोन्हीकडून परका. फ्लोरिडात प्रॅक्टिस कॅम्प असायचा, तिथे वंशभेदाचे कायदे, रस्त्यात टीमची बस जेवायला थांबली की गोरे खेळाडू हॉटेलात जाणार आणि काळे खेळाडू बसमध्येच बसून राहणार, कोणीतरी डबा आणून देईल तो खायचा. प्वेर्तो रिकोत त्याने असं काही बघितलंच नव्हतं, त्यामुळे त्याला ते कधीच पचलं नाही, आणि त्याबद्दल तो गप्पही बसला नाही.

नावाचं सांगायलाच पाहिजे. बेसबॉलचे कार्ड छापणाऱ्या कंपनीने १९५७ पासून १९६९ पर्यंत त्याच्या कार्डवर 'बॉब क्लेमेंते' छापलं. तो सांगत राहिला की माझं नाव रॉबेर्तो आहे. मी इथे नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या चार अक्षरी नावाचं दोन अक्षरी झालं, मला कोणी विचारलंही नाही, आणि मी काही बोललो नाही, सहा वर्षं नाही बोललो. त्यामुळे हा तपशील आजोबांनी सांगितला तेव्हा मी तिथेच अडकलो. त्याच्या लोकांत वडिलांचं आडनाव आधी आणि आईचं नंतर लावतात, म्हणून पूर्ण नाव रॉबेर्तो क्लेमेंते वॉकर. इंग्रजी अक्षरं मोजली तर बरोबर २१ भरतात, आणि म्हणून त्याने २१ नंबरची जर्सी घेतली असं सांगतात.

करिअर म्हणाल तर सुरुवात एकदम थाटात अशी झालीच नाही. पहिली पाच वर्षं बॅटिंग कधी बरी कधी साधारण, हात मात्र पहिल्या दिवसापासून तोच. १९६० मध्ये पायरेट्सनी यांकीज टीमला सातव्या मॅचमध्ये हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकली, क्लेमेंतेने सातही मॅचमध्ये हिट मारली (म्हणजे बॉल मारून सुखरूप बेसवर पोचला), पण त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो आठवा आला. हे त्याला फार लागलं. पुढच्या वर्षी .३५१ ची सरासरी, म्हणजे हजारात ३५१ वेळा हिट, इथे .३०० झाली तरी लोक खूश असतात. १९६१, ६४, ६५ आणि ६७ अशी चार वर्षं तो लीगमध्ये बॅटिंगला पहिला, १९६६ मध्ये अखेर तो सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला, आणि फिल्डिंगसाठीचा गोल्ड ग्लव्ह १९६१ ते १९७२ सलग १२ वर्षं. सगळी १८ वर्षं एकाच टीमसाठी. ज्या खेळाडूचे पाय आणि खांदा हेच भांडवल त्याचं हे तिशी ओलांडली की उतरायला लागतं, याची १९६७ ची .३५७ ही सगळ्यात मोठी सरासरी तेहतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची आहे, पाठ दुखत असताना.

पायरेट्सचं जुनं मैदान, फोर्ब्स फील्ड, पाडलं, पण त्याच्या भिंतीचा एक तुकडा अजून ओकलंड भागात युनिव्हर्सिटीच्या शेजारी उभा आहे, मी तिथून नेहमी चालत जातो. आजोबा लहानपणी तिथे राइट फिल्डच्या बाजूला बसायचे. ते सांगतात की बॉल त्याच्याकडे गेला की स्टँडमधली माणसं बॉलकडे बघायचीच नाहीत, रनरकडे बघायची, तो दुसऱ्या बेसला वळसा घालून दोन पावलं पुढे यायचा, राइटकडे नजर टाकायचा आणि परत मागे जायचा. त्या परत मागे जाण्याला टाळ्या पडायच्या. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर या टाळ्यांतच आहे.

१९७१ ची वर्ल्ड सिरीज बघा, बाल्टिमोरविरुद्ध, तो तेव्हा ३७ वर्षांचा. दुसऱ्या मॅचमध्ये त्याने राइटच्या लाइनजवळ कॅच घेतला, तिथेच गर्रकन फिरला आणि थेट तिसऱ्या बेसवर थ्रो टाकला. रनर वाचला, अगदी थोडक्यात. मॅचही पायरेट्स हरले. तरी तो थ्रो लोक आजपर्यंत सांगतात, कारण तिथून तो रनर आरामात पोचायला पाहिजे होता. त्या सिरीजमध्ये .४१४, पुन्हा सातही मॅचमध्ये हिट, शेवटच्या मॅचमध्ये होमरन (आपल्या सिक्सरसारखा) आणि पायरेट्स २-१ ने जिंकले. जिंकल्यावर टीव्हीवाल्यांनी माइक पुढे केला तेव्हा तो आधी स्पॅनिशमध्ये बोलला, मुलांना आशीर्वाद दिला आणि आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला. सगळी अमेरिका बघत होती, इंग्रजी नंतर.

३० सप्टेंबर १९७२ ला त्याने ३,००० वी हिट मारली. त्या दिवशी स्टेडियममध्ये जेमतेम तेरा हजार माणसं होती. रेग्युलर सीझनमधली ती त्याची शेवटची हिट ठरली.

२३ डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपात पडली. काही आठवड्यांपूर्वीच तो तिथे प्वेर्तो रिकोची टीम घेऊन गेला होता, ओळखी झालेल्या होत्या. त्याने मदत गोळा केली, विमानं पाठवली, मग कळलं की सामान लोकांपर्यंत पोचत नाहीये, तिथल्या सत्ताधाऱ्यांची माणसं मधेच अडवतायत. मी स्वतः गेलो तर हात लावणार नाहीत असं म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री तो एका जुन्या डीसी-७ विमानात बसला. विमानात क्षमतेपेक्षा जास्त वजन भरलेलं होतं. सान हुआनहून उडालं आणि लगेच समुद्रात पडलं, आतले पाचही जण गेले, त्याचं शरीर सापडलं नाही. टीममधला त्याचा जवळचा मित्र, कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) मॅनी सांगियेन, अंत्यविधीला न जाता पाणबुड्यांबरोबर समुद्रात त्याला शोधत होता.

हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, यायला निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायला लागतं, त्याच्यासाठी तो नियम बाजूला ठेवून १९७३ मध्येच घेतलं, लॅटिन अमेरिकेतून तिथे पोचलेला तो पहिला. पण पाटीवर नाव कोरलं 'रॉबेर्तो वॉकर क्लेमेंते', अमेरिकन पद्धतीने आईचं आडनाव मधे टाकून. ती पाटी बदलून नाव नीट लावायला २००० साल उजाडलं.

आता तुम्ही कधी पिट्सबर्गला आलात तर नव्या स्टेडियमची राइट फिल्डची भिंत बघा, ती मुद्दाम २१ फूट उंच ठेवलीय. मला सांगून या, आपण मॅचला जाऊ, राइटच्या बाजूचीच तिकिटं काढू, आणि बॉल तिकडे गेला की तुम्ही बॉल सोडून रनरकडे बघा.